उजवा खिसा

तो खिसा मी शिवलेला होता, हे आधीच सांगून टाकते. नंतर दुसऱ्या कुणी काढून दाखवण्यापेक्षा आपल्या तोंडानं सांगितलेलं बरं.

लग्न होऊन मी समुद्रातल्या ह्या बेटावर, लंबासाच्या उसाच्या मुलखात आले तेव्हा आमच्या ह्यांच्याकडं कामाच्या दोन पँटी होत्या आणि दोन्हींचा उजवा खिसा कुजून गेलेला होता. इंजिनाचं काम करणाऱ्याला सारखं फडकं लागतं. पाना पुसायचा, हात पुसायचा, ऑइल किती आहे ते बघायची पट्टी पुसायची आणि फडकं परत खिशात कोंबायचं. दिवसातून शंभर वेळा. इंजिनातलं जळकं काळं ऑइल फडक्यातून खिशात आणि खिशातून पँटभर. धुता धुता माझे हात सोलून निघायचे आणि कापड फाटायचं ते फाटायचंच. माझी सासू म्हणायची, "ह्याला पँट नको गं सुखराजी, पत्रा गुंडाळ."

पत्रा नाही गुंडाळला. पिठाची जाड गोणी उसवली, तिचं कापड दुहेरी केलं आणि उजव्या बाजूला वीतभर खोल, मांडीला घट्ट चिकटून बसेल असा खिसा शिवला. माणूस कितीही वाकला तरी फडकं पडायचं नाही आणि ऑइल बाहेर पसरायचं नाही. दुहेरी टाका, दोन्ही टोकांना गाठ. हे इतके खूश झाले की गॅरेजात उभं राहून आल्यागेल्याला खिसा दाखवत बसले. मग ह्यांच्या जोडीदारानं, इलिसोनीनं, तसाच मागितला. मग ऊस वाहणाऱ्या लॉरीवाल्यांनी. तीस वर्षांत किती शिवले त्याची गणती नाही. 'सुखराजीवहिनीचा खिसा' असं नावच पडलं आणि मी मेली मिरवत राहिले. आमची अश्निता शाळा संपवून बापाच्या हाताखाली गॅरेजात उतरली तेव्हा तिच्या पँटीलाही शिवला. तिचा तर तिहेरी केला, एकुलती एक म्हणून.

त्या वर्षी जूनमध्ये मिलचा भोंगा झाला आणि ऊसतोड सुरू झाली. हंगामात आमच्याकडं श्वास घ्यायला फुरसत नसते. मिलच्या फाटकापासून मैलभर लॉऱ्यांची रांग लागते. त्यात एखादी बंद पडली की तिच्यातला ऊस उन्हात वाळायला लागतो आणि मालक बिसेसर मिस्त्रीच्या नावानं हाका मारत पळत सुटतो. बिसेसर म्हणजे आमचे हे. मी नाव घेत नाही, गरज पडली म्हणून एकदा घेतलं.

दुसऱ्याच आठवड्यात बालगोविनची लॉरी दोराला बांधून ओढत आणली. इंजिन आतून ठकठक करत होतं. बालगोविन आमच्या वस्तीतला सगळ्यात मोठ्या तोंडाचा माणूस. येता येताच म्हणाला, "मिस्त्री, काही नाही, एक स्क्रू ढिला झालाय. आवळा आणि सोडा."

"मग तूच आवळ की," अश्निता म्हणाली. "पाना देऊ?"

ह्यांनी लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मी चहा घेऊन आले होते, ती तशीच थांबले. इतकी वर्षं बघतेय, पण तो क्षण आला की अजून माझ्या अंगावर काटा येतो. अश्नितानं इंजिन चालू ठेवलं होतं. हे पेचकस दोन बोटं इकडं, दोन बोटं तिकडं सरकवतात आणि मग एका जागी थांबतात.

"तिसरा," हे म्हणाले.

दुपारपर्यंत इंजिन उघडलं. ह्यांनी तिसऱ्या दांड्याखालचं बेअरिंग काढून तळहातावर घेतलं आणि उन्हात धरलं. अर्ध्या वाटीएवढा धातूचा तुकडा. एका कडेला आरशागत घासलेला, दुसऱ्या कडेला नव्यासारखा.

"बालगोविन, लॉरी पाण्यात कधी घातली होतीस?"

"मी? छे, छे!"

"इंजिनात पाणी शिरलं होतं. त्या दणक्यानं दांडा वाकलाय. वाकडा दांडा एकाच कडेला घासतो. वरीस-दीड वरीस झालं असेल."

बालगोविनचं मोठं तोंड बंद झालं. मग हळूच म्हणाला, "मागच्या पुरात ओढ्यात बंद पडली होती. घरी बायकोलासुद्धा सांगितलं नाही मी. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ह्यानं," हे म्हणाले आणि बेअरिंग त्याच्या हातात ठेवलं. "जिथं घासतं तिथं सगळं लिहिलेलं असतं."

इलिसोनीनं त्याच्या बोलीत "इसा!" म्हणून मान हलवली. अंगानं एवढा थोरला, देवळात गेल्यावर करतो तसा चेहरा करून उभा होता.

पण त्या दिवशी मला दुसरंही काही दिसलं. आमचे हे उकिडवे बसूनच काम करणारे. इंजिनाखालून जेवायला उठवावं लागायचं. ते दिवसभर उभे होते आणि सगळा भार डाव्या पायावर. लॉरीखाली सरकताना त्यांनी दात आवळले.

"काय झालं?" मी विचारलं.

"कंबर."

"म्हातारा झाला आमचा मिस्त्री," इलिसोनी म्हणाला. "वहिनी, दुसरा बघा आता."

"बघितला की तुला सांगते," मी म्हणाले. हसले, पण मनात ते राहिलं.

दुसऱ्या दिवशी धुणं काढलं. पँट पालथी करून खिसा चोळायला घेतला तर आतल्या बाजूला, मांडीकडं, ऑइलच्या काळ्यात वेगळा डाग. पिवळसर, मध्ये लाल. हुंगून बघितला. ऑइलचा वास मला झोपेत ओळखता येतो. हा ऑइलचा नव्हता.

हे दुपारी जेवायला आले, अंघोळ करून सुलू, म्हणजे इथली लुंगी, गुंडाळून पडवीत बसले. मी कसाव्याचा उकडलेला कंद आणि माशाचा रस्सा पुढं ठेवला आणि पँट शेजारी ठेवली.

"हे काय आहे?"

"पँट."

"अहो, थट्टा नको. हे रक्त कुठलं?"

"डास चावला असेल."

"डास काय चमच्यानं खातो? कधीपासून आहे?"

ते कसावा चिवडत बसले. हा माणूस असा लाजरा, की तीस वर्षांत कुणासमोर बनियन काढलेलं मी बघितलं नाही. नदीवर पोरं उघडीबंब उड्या मारत होती तेव्हाही हा काठावर बनियन घालून बसायचा. मग म्हणाले, "जागा वाईट आहे."

"मला कुठली जागा नवी आहे?"

"दिवाळीपासून," ते म्हणाले.

दिवाळी होऊन आठ महिने झाले होते. आठ महिने ह्यांनी त्यावर डिझेल चोळलं होतं. हात कापला की गॅरेजात डिझेलच ओततात, मग ह्यालाही तेच. मी त्यांना न्हाणीघरात नेलं आणि झरोक्याच्या उजेडात बघितलं. उजव्या मांडीवर, वरच्या बाजूला, जांघेच्या जवळ तळहाताएवढी कातडी काळी पडून चामखिळींनी खरखरीत झालेली. मध्ये रुपयाएवढी जखम, कडा उभ्या राहिलेल्या. मी त्यांना शिव्या घातल्या, कारण रडले असते तर ते परत दार लावून बसले असते.

"अश्निताला सांगायचं नाही," ते सुलू बांधत म्हणाले. "पोरीला असल्या जागेचं काय सांगायचं?"

अश्निताला पोटदुखी सांगितली. तिनं पिकअप काढली आणि आम्हाला शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. ती बाहेर झाडाखाली थांबली.

डॉक्टरीणबाईंचं नाव मेरेवालेसी. बेटावरच्या मूळ लोकांतली, चाळिशीची, केस मोठे गोल, बोलणं हळू. आमच्याशी आमच्याच बोलीत बोलल्या. ह्यांनी आधी पोट सांगितलं, मग कंबर सांगितली. मी म्हणाले, "बाई, खोटं बोलतायत. मांडी बघा."

त्यांनी बघितलं. हातमोजे घातलेल्या बोटानं काळ्या कातडीची कड चाचपली, मग जांघ चाचपली. तिथं एक गाठ त्यांच्या बोटाला लागली, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. ह्यांनी डोळे भिंतीकडं केले होते आणि कान लाल झाले होते.

"काका, उभे राहा," त्या म्हणाल्या. "हात सैल सोडा. आता समजा, हातात फडकं आहे. पुसून झालं. ठेवा बघू."

हे त्यांच्याकडं बघतच राहिले. आम्ही अजून धंदा सांगितला नव्हता. चांगली इस्त्रीची कापडं घालून गेलो होतो.

"ठेवा ना."

ह्यांचा हात आपोआप खाली गेला. मी बघत होते. चारी बोटं आत वळली आणि तळवा मांडीवर बरोबर त्या काळ्या डागावर जाऊन बसला. केसभर इकडं नाही, तिकडं नाही. जणू त्या हातानंच तो डाग मापून काढला होता. मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं आणि तिथून पळावंसंही वाटलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" ह्यांनी विचारलं. अगदी बालगोविनच्या आवाजात.

"तुमच्या कातडीनं. तुम्ही गाड्यांचं काम करता. जळक्या ऑइलचं फडकं उजव्या खिशात ठेवता. वीस वर्षं तरी झाली असतील."

"एकोणचाळीस."

"जळक्या ऑइलमध्ये विष असतं काका. एका दिवसात काही करत नाही. रोज, त्याच जागी, थोडं थोडं मुरत जातं."

हे कितीतरी वेळ आपल्याच हाताकडं बघत होते. मग म्हणाले, "बाई, तुम्ही मिस्त्री आहात."

"हो, पण माझ्या यंत्राचे सुटे भाग मिळत नाहीत," त्या म्हणाल्या. "म्हणून लवकर यायचं असतं."

त्यांनी जखमेचा कण काढून तपासायला पाठवला आणि पुढच्या वेळी कामाची पँट घेऊन या म्हणाल्या. तीन आठवडे आम्ही थांबलो. लॉऱ्या येत होत्या, हे उभ्यानं काम करत होते. फडकं मात्र आता डाव्या हातात धरायचे आणि अश्निता विचारायची, "बाबा, हाताला काय झालं तुमच्या?"

तीन आठवड्यांनी निकाल आला. कॅन्सर. मांडीचा तुकडा कापून काढायचा, जांघेतल्या गाठी काढून बघायच्या. गाठींत उतरला असला तर पुढचं कठीण, नसला तर माणूस हाती लागेल. बाईंनी काही लपवलं नाही. हे "बरं" म्हणाले, जसं गिऱ्हाइकाला म्हणतात.

मी पिशवीतून पँट काढली. न धुता आणायला सांगितली होती. बाईंनी खिसा बाहेर ओढला आणि टेबलावर सोडला, तर तो आडवा पडेना. ऑइल पिऊन पिऊन असा कडक झाला होता की उभाच राहिला, ह्यांच्या मांडीचा बाक घेऊन. आत माणूस नसलेला पाय बघावा तसं मला झालं.

"इतका मजबूत कुणी शिवला?" बाईंनी विचारलं.

"मी."

त्यांनी टाके बोटानं चाचपले. "साधा खिसा असता तर ऑइल पँटभर पसरलं असतं. ह्यानं एका जागी धरून ठेवलं." मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाल्या, "शिवण सुंदर आहे हो काकी."

शिवी दिली असती तर सोसलं असतं. ते शब्द मात्र सोसवेनात. माझ्या हातानं मी ह्यांच्या मांडीला विष बांधलं होतं, दुहेरी टाका घालून, दर वर्षी नवं.

"आणखी कुणाला शिवलेत?"

मी खिडकीतून बाहेर बघितलं. झाडाखाली पिकअपचं बॉनेट उघडं होतं. अश्निता गॅरेजातून तशीच कामाच्या कपड्यांत आली होती आणि थांबलीय तर इंजिन तरी बघू म्हणून वाकली होती. पट्टी काढली, पुसली, परत घातली. आणि न बघता फडकं उजव्या खिशात कोंबलं.

ह्यांनीही बघितलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात ते म्हणाले, "तू नको. मी सांगतो."

परतीच्या वाटेवर ते बाहेरचा ऊस बघत बसले. मला वाटलं, हा माणूस सांगणार नाही. लाजेनं मरेल पण सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता, मिलची रांग थांबते त्या वेळी, ह्यांनी गॅरेजाबाहेरच्या शेडमध्ये सगळ्यांना यांगोना प्यायला बोलावलं. इलिसोनीनं लाकडी परातीत यांगोनाच्या मुळीची पूड पाण्यात कालवली. बालगोविन होता, दोन वाटांपलीकडचे दोन मिस्त्री होते, लॉरीवाले होते. सगळे मिळून अकरा जण. अश्निता खांबाला टेकून उभी होती. करवंटी एकदा सगळ्यांकडं फिरली. बालगोविन म्हणाला, "मिस्त्री आज फुकट पाजतोय. नक्की पोरीचं लग्न ठरलं."

"तुझ्याशी ठरलं असतं तर विष पाजलं असतं," अश्निता म्हणाली. सगळे हसले.

हे उठले. सुलूचा उजवा काठ हातात धरला आणि वर उचलला. जांघेपर्यंत. दुसऱ्या हातानं जखमेवरची पट्टी सोडली.

नदीच्या काठावर बनियन न काढणारा माणूस, अकरा माणसांसमोर आणि पोटच्या पोरीसमोर उघड्या मांडीनं उभा होता. आवाज इंजिनाचं सांगताना असतो तसाच होता.

"हा कॅन्सर आहे. ऑइलच्या फडक्यानं झालाय. आता सगळ्यांनी हात सैल सोडा, आणि फडकं ठेवायच्या जागी हात ठेवा."

कुणी हललं नाही.

"ठेवा म्हणतो ना!"

मग हात खाली आले. बसलेल्यांचे, उभ्यांचे, इलिसोनीचा केवढा थोरला पंजा. अकराच्या अकरा उजव्या मांडीवर, वरच्या बाजूला, एकाच जागी. आणि खांबाजवळ बारावा, बारीक, नखांत काळं भरलेला. प्रत्येकजण आपापल्या हाताकडं बघत होता.

अश्नितानं खिशातून फडकं ओढून काढलं आणि लांब फेकलं. मग पुढं येऊन बापाचा सुलू खाली केला. "झाका बाबा. कळलं." तिनं काठ नीट खोचला. "पोटदुखी म्हणे!"

इलिसोनी उठला, शेडच्या मागं गेला आणि कमरेला तांदळाचं पोतं गुंडाळून आला. हातातली पँट माझ्यापुढं धरली. "वहिनी, कापा."

पोत्यातला तो डोंगर बघून बालगोविनला हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. हसता हसता दोघा-तिघांनी डोळे पुसले.

त्या संध्याकाळी आत नेऊन मी अश्निताची मांडी बघितली. काळे बारीक ठिपके, राई सांडल्यासारखे, खिशाच्या आकारात. डॉक्टरीणबाईंनी नंतर बघून सांगितलं की हे अजून नुसतं ऑइलनं बुजलेलं कातडं आहे, तो रोग नाही. आता थांबलीस तर जाईल. फडकं खिशात नको, कापडं रोज बदल, हात पेट्रोलनं धुवायचे नाहीत, साबण घ्यायचा. मी हे सगळं तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

मग चार दिवस पँटी येत राहिल्या. वस्तीतून, पलीकडच्या वस्तीतून, कुणाच्या बायका घेऊन यायच्या आणि काही न बोलता ठेवून जायच्या. एकीनंही मला उणा शब्द लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. मी पडवीत कात्री घेऊन बसले. पण माझी शिवण उसवेना. ऑइल मुरून टाके दगड झाले होते आणि दोन्ही टोकांना माझ्याच गाठी. अश्निता एका बाजूनं ओढायची, मी दुसऱ्या बाजूनं. शेवटी कापडासकट कापून काढले आणि भोकांवर ठिगळं लावली. तिचा तिहेरी खिसा सगळ्यांत शेवटी घेतला. तो कापताना माझ्या बोटाला कात्री लागली.

ह्यांचं ऑपरेशन झालं. बशीएवढा तुकडा काढला आणि डाव्या मांडीची कातडी आणून तिथं बसवली. गाठींचा निकाल यायला नऊ दिवस लागले. बाई स्वतः खाटेपाशी आल्या आणि म्हणाल्या, "काका, गाठी स्वच्छ आहेत." हे म्हणाले, "उघडून बघितलंत ना नीट?" त्या म्हणाल्या, "तीन-तीन महिन्यांनी परत बघणार. सुटका नाही." मी भिंतीकडं तोंड करून पोटभर रडून घेतलं.

हंगाम संपता संपता हे गॅरेजात आले. लंगडत. अश्नितानं मधल्या खांबाला खिळे ठोकून स्वच्छ फडकी टांगली होती. खाली घाण फडक्यांचा डबा, शेजारी साबण आणि पाण्याची बादली. कुठलंही इंजिन घ्या, खांब पाच पावलं लांब. "मुद्दाम लांब ठेवलाय," ती म्हणाली.

एक लॉरी आली. ह्यांनी पेचकस कानाला लावला, डोळे मिटले. मी चहा घेऊन उभी होते. "दुसरा," ते म्हणाले. मग पट्टी काढली आणि फडक्यासाठी त्यांचा हात खाली गेला. बंद शिवणीवर आपटला आणि तिथंच थांबला, नव्या कातडीवर.

"काय झालं बाबा?" अश्नितानं विचारलं.

"काही नाही. हात अजून जातो."

अश्नितानं पाना खाली ठेवला. तिचाही हात मांडीवर होता, त्याच जागी.

"माझाही जातो," ती म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि दोघं खांबाकडं निघाली. हे लंगडत होते, म्हणून तीही सावकाश चालली.